सातबाऱ्यावर नसलेलं ऊन

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

आज सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या कुंपणातली एक फळी चोरीला गेली. हातात कॉफीचा कप होता. तो खाली ठेवून मी आधी घड्याळ पाहिलं आणि मगच ओरडले. टेलिफोन खात्यातली सगळी नोकरी ट्रंक कॉलच्या वेळा टिपण्यात गेली आहे, तेव्हा माझ्या वेळेबद्दल कुणी शंका काढू नये.

फळी सागाची. पाच फूट उंच, रंधा मारलेली, तेल पाजलेली. कुंपण उभं राहून महिनासुद्धा झाला नाही. ते माझ्या पश्चिमेच्या हद्दीवर आहे, म्हणजे माझं अंगण आणि आक्काबाईचं अंगण यांच्या मधे. फळीला फळी भिडवून घेतली होती, कारण आक्काबाईच्या कोंबड्या. माझ्या शेवंतीच्या वाफ्यात त्या अशा हिंडतात, जसा काही तो त्यांच्या माहेरचा वाफा आहे. शिवाय सकाळी मी गाउनवर कॉफी पीत बसते. त्या वेळी पलीकडून कुणी "काय गं, आज उशिरा उठली?" असं विचारलेलं मला खपत नाही. केडगावच्या फ्लॅटमध्ये बारा वर्षांत शेजारणीनं माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं. त्याला शेजार म्हणतात.

राजूरची ही जागा यांनी डोंगरातल्या थंड हवेसाठी घेऊन ठेवली होती. हवा खायला ते राहिले नाहीत. मी घर बांधून दीड वर्षापूर्वी इथे आले. हवा खरोखर थंड आहे. माणसांची खात्री देता येत नाही.

एकच फळी का नेली, आणि तीही बरोबर मधलीच का, हे मला कळत नाही. चोरालाही काही पद्धत असावी.

बुधवार, ३ डिसेंबर

रंगनाथला बोलावलं. तो आक्काबाईचा मुलगा, सुतारकाम करतो. कुंपण त्यानंच केलेलं आहे. पन्नाशी उलटलेला माणूस, पण माझ्यासमोर गृहपाठ विसरल्यासारखा उभा राहतो.

"रंगनाथ, फळी कुठे आहे?"

"गेली वाटतं."

"ते मलाही दिसतंय. कुठे गेली?"

"आता फळीचं काय सांगावं, बाई. थंडी लई हाय औंदा."

थंडीचा आणि फळीचा काय संबंध, असं विचारलं तर तो आभाळाकडे पाहायला लागला. नवी फळी मात्र लगेच आणून बसवली. खिळे अर्धेच ठोकले. मी हटकलं, तेव्हा म्हणाला, "थंडीत लाकूड आखडतं, बाई. खिळ्याला हलाया जागा ठेवावी लागती." हे मला माहीत नव्हतं. लाकडाचा हा एक दोषच म्हणायचा.

आक्काबाई पलीकडे ओट्याखाली गोणपाट टाकून बसली होती. नव्वदीच्या घरात असावी. वय विचारलं की म्हणते, "मोजाया कुनी ठेवलंय?" थंडीत तिच्या हातांची बोटं वाकून बसतात. चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. घरात ती आणि रंगनाथ दोघंच, त्याची बायको गेल्यापासून भाकरी हीच थापते, आणि अंगावर ऊन आल्याशिवाय बोटं उघडत नाहीत. रंगनाथला भाकरी केल्याशिवाय कामावर जाऊ द्यायचं नाही हा तिचा हट्ट, आणि दुसऱ्या कुणाच्या हातची खायची नाही हा दुसरा.

मी म्हटलं, हातमोजे घाला.

"हातमोजं घालून भाकर कोन थापतं गं बाय?"

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

रंगनाथ हल्ली कामाला दहाच्या पुढे निघतो, हेही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. दिवाळीपर्यंत आठला जात होता. आळस, दुसरं काय.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पुन्हा. तीच फळी, आणि तिच्या शेजारची दक्षिणेकडची आणखी एक. सकाळी सहा पन्नास.

आता मी स्वस्थ बसणार नाही. आक्काबाईच्या दारात रोज दिवेलागणीला शेकोटी पेटते. फळ्या जळणात जात असाव्यात, हा माझा तर्क. मी आजवर त्या शेकोटीला गेले नव्हते. आज तपासणीसाठी गेले आणि काठीनं निखारे उकरून पाहिले.

"काय हुडकती?" आक्काबाईनं विचारलं.

"पुरावा."

"गावला तर मला बी दाव. आन् बस की खाली. उभ्यानं पुरावा गावत न्हाई."

बसले. जळण कसलं आहे विचारलं, तर म्हणाली, "जळतंय ते." रंगनाथ खोकला. पुरावा मिळाला नाही. पाय मात्र छान शेकले. हे तपासाच्या उपयोगाचं नाही, तेव्हा लिहायला नको होतं.

उद्या पुन्हा जावं लागेल.

मंगळवार, ९ डिसेंबर

ओंकार आला. माझ्या भावाचा मुलगा. केडगावला पुणे रस्त्यावर त्याचं फर्निचरचं दुकान आहे. फोनवर फळ्यांची हकीकत ऐकली आणि गाडी काढून आला. एरवी राखीपौर्णिमेलाही याला वेळ नसतो.

"आत्या, लाकूड विसर," तो म्हणाला. "लाकडाला दर वर्षी तेल. पावसात फुगतं, थंडीत आखडतं, वाळवी लागते ती वेगळी. हे कंपोझिट बघ. अर्धा लाकडाचा भुसा, अर्धं प्लॅस्टिक. वीस वर्षं हात लावायला नको."

"वीस वर्षांनी मी पंच्याऐंशीची होईन. तेव्हा लावू का हात?"

त्यानं छापील पुस्तिका पुढे केली. चित्रात गुडघाभर बर्फ, बर्फात चॉकलेटी कुंपण, आणि कुंपणापलीकडे हरिण.

"हे कॅनडातलं आहे," तो अभिमानानं म्हणाला, जसा काही बर्फ यानंच टाकला. "उणे तीसमध्ये टिकतं. तुझ्या राजूरची थंडी काय घेऊन बसलीस?"

"राजूरला बर्फ नाही, ओंकार. आणि कुंपणापलीकडे हरिण नाही, आक्काबाई आहे."

"मग तर हेच घे. हे कोण चोरणार? जाळता येत नाही, विकता येत नाही. आणि फट तर नाहीच. खाचेत खाच बसते. पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही."

हे मात्र मला पटलं. हातभर लांबीचा नमुना ठेवून गेला. जेवला नाही. घाई होती म्हणे.

गुरुवार, ११ डिसेंबर

कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला सिस्टर अगाथा सांगायच्या, मत देण्याआधी माहिती घ्यावी. त्यानुसार कंपोझिटचा नमुना आणि तेवढाच सागाचा तुकडा, दोन्ही रात्रभर गच्चीवर पाण्याच्या बादलीत ठेवले. सकाळी पाणी इतकं गार होतं, की तुकडे काढताना सिस्टर अगाथांनी कधीही न शिकवलेला एक शब्द माझ्या तोंडून गेला. पलीकडून आक्काबाई म्हणाली, "येती की तुला बी मराठी!"

निकाल: साग किंचित फुगला, कंपोझिट जसंच्या तसं. साग काळवंडला, कंपोझिटवर डाग नाही. हातात धरलं तर साग लगेच माणसात येतो, कंपोझिट मात्र बराच वेळ मढ्यासारखं गार राहतं. पण कुंपण काही मांडीवर घेऊन बसायचं नसतं. एकूण कंपोझिट सरस.

शेकोटीवर निकाल जाहीर केला. रंगनाथला वाईट वाटलं असावं. म्हणाला, "लाकडाची एक फळी गेली तर एक बदलता येती, बाई. त्याचं समदं एकसंध असतंय."

"एकसंध असतं म्हणूनच तर कुणी एकेक करून नेत नाही," मी सुनावलं.

यावर आक्काबाईनं माझ्याकडे एक भाजलेलं रताळं सरकवलं. लाच असावी. गोड होतं.

रविवार, १४ डिसेंबर

मी चोराचा माग काढला आहे. रंगनाथ नवी फळी बसवतो, दोन दिवसांनी ती जाते. प्रत्येक वेळी त्याच जागची, नाहीतर तिच्या लगतची दक्षिणेकडची. कडेच्या फळ्यांना हातसुद्धा लागलेला नाही, खरं तर त्या रस्त्याला लागून, न्यायला सोप्या. चोर दक्षिणेकडे सरकतो आहे. यावरून तो डावरा असावा, असं मला वाटतं.

आज सकाळी नऊपर्यंत पडद्याआडून पहारा दिला. कुणी आलं नाही. फक्त आक्काबाई गोणपाट ओढत ओढत फटीसमोर आली, बसली, आणि थोड्या वेळानं आणखी वीतभर सरकली. मग पुन्हा सरकली. म्हाताऱ्या माणसांना एका जागी चैन पडत नाही. चोराच्या बाबतीत तिनं काही पाहिलं का, असं बाहेर जाऊन विचारलं.

"पाह्यलं ना."

"कोणाला?"

"तुला. पडद्यामागं. ढेंगा दिसत हुत्या."

आत जाऊन पडदा नीट ओढून घेतला.

दुपारी जेवणानंतर पहाऱ्याला बसता येत नाही, कारण दीड ते तीन मी पडते. चोर काही भर दुपारी येणार नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

सर्दी, कणकण. शेकोटीला गेले नाही. तपासात खंड.

रंगनाथ तांब्याभर काढा घेऊन आला. गवती चहा, आलं, आणि कसला तरी पाला, जो विचारूनही सांगितला नाही. "आयेनं सांगितलंय, पुरावा पळून जात न्हाई, आधी बरी हो म्हनावं."

काढा अतिशय कडू होता. सगळा प्यायले, कारण तांब्या परत द्यायचा होता.

शुक्रवार, १९ डिसेंबर

ठरलं. कंपोझिट. कारण आज सकाळी एकदम दोन फळ्या गायब, आणि त्या भगदाडातून सात कोंबड्या आणि एक कोंबडा शेवंतीत. कोंबडा माझ्या कॉफीच्या खुर्चीवर उभा राहून आरवला. याला मर्यादा आहे.

ओंकारला फोन केला. तो सोमवारी, एकोणतीस तारखेला, माणसं घेऊन मोजमापाला येतो. लाकडाचं कुंपण काढायचं, कंपोझिटचं उभं करायचं, सहा फुटी.

शेकोटीवर सांगून टाकलं. नेहमी माझ्या प्रत्येक वाक्याला शेपूट जोडणाऱ्या आक्काबाईनं आधी एक काटकी जाळात सरकवली. मग म्हणाली,

"त्याला फट नसती व्हय?"

"नाही."

"उंच हाय?"

"सहा फूट."

"बरं," ती म्हणाली, आणि बोटं निखाऱ्यांवर धरून उलटसुलट करत राहिली. रंगनाथ उठून आत गेला.

एवढा निर्णय झाला तर मला बरं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही. कणकण अजून अंगात असावी.

नमुना आणि सागाचा तुकडा दोन्ही कुंपणाच्या बुंध्याशी ठेवले आहेत. दवाचा परिणाम शेवटचा पाहायचा राहिला होता.

रविवार, २१ डिसेंबर

चोर सापडला.

संध्याकाळी शेकोटीला गेले. जायचं नव्हतं, पण आता दिवस थोडेच उरले आहेत, तपास अर्धवट सोडणं बरं नाही. बसते न बसते तोच जाळातून काळा धूर उठला आणि अशी दुर्गंधी सुटली की गल्लीतली कुत्री उठून गेली. जुन्या चपला, जळकं दूध आणि दवाखाना एकत्र केल्यासारखी. मी खोकले, रंगनाथ खोकला, आक्काबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं माज्ये, काय मेलं ह्यात!"

मी काठीनं निखारे उकरले. चॉकलेटी रंगाचा हातभर तुकडा. बुडबुडे येत होते आणि थेंब थेंब गळत होता. त्याच्या कडेला खाच होती. खाचेत खाच बसते ती.

"पुरावा," मी म्हणाले. आवाज चिरका आला, हे मान्य.

आक्काबाईनं वाकून पाहिलं. "ह्ये तुझं हाय व्हय? कसलं गं लाकूड ह्ये? धड जळत न्हाई, धड इझत न्हाई, नुस्तं रडत बसलंय."

"आक्काबाई, हे तुमच्याकडे कसं आलं?"

"हातानं."

"आणि माझ्या फळ्या?"

"त्या बी हातानं. आन् उलथन्यानं."

"उलथण्यानं!"

"मंग काय दातानं? भाकरीचं उलथनं घालायचं फटीत आन् दाबायचं. निघती की गपकन. त्यातून रंग्या खिळं अर्धंच ठोकतो."

मी रंगनाथकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"रंगनाथ, खिळे?"

"थंडीत लाकूड आखडतं, बाई."

"रंगनाथ!"

"आन् आयेची बोटं बी," तो म्हणाला.

जाळात तो तुकडा फसफसत होता. मग मला सुचलं ते मी विचारलं, कारण काहीतरी विचारायलाच हवं होतं. "पण पहाटे, एवढ्या थंडीत, तुमची बोटं चालतात कशी?"

"पहाटं कशाला? दुपारी. ऊन खाऊन बोटं सुटली की. तू जेवून पडती ना, तवा. घोरती लई. तू घोराया लागली की मी उठती."

म्हणजे दोन डिसेंबरची फळी एक डिसेंबरच्या दुपारी गेली होती. सहा वाजून चाळीस मिनिटं ही फक्त मला दिसल्याची वेळ. सबंध नोकरीत माझ्या कॉलची वेळ एकदाही चुकली नव्हती. हे मला सगळ्यांत जास्त लागलं.

"माझ्या हद्दीतल्या फळ्या आहेत त्या, आक्काबाई! माझ्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत उभ्या आहेत!"

"मी कुठं न्हाई म्हनती? फळी तुझी, जमीन तुझी. ऊन हाय का तुझ्या सातबाऱ्यावर?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "साठ वर्सं ह्या अंगनात तांबडं फुटल्या फुटल्या ऊन येत हुतं. तुझ्या फळ्या आल्या आन् ऊन दहाला याया लागलं. रंग्याला भाकरीपायी दहापत्तुर थांबाया लागलं. कोंबड्या आडवायच्या तर आडव की बाई. माझं ऊन कशाला आडवलं?"

"मग तोंडानं सांगायचं नाही का?"

"सांगितलं की! थंडी वाजती म्हनलं, तर तू म्हनली हातमोजं घाल."

मी उठून आले. धुरानं डोळे चुरचुरत होते.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. पाच तारखेपासून मी त्या शेकोटीवर पाय शेकते आहे. म्हणजे मी माझंच कुंपण शेकत होते. तेल पाजलेला साग. म्हणूनच जाळ इतका चांगला लागत होता.

सोमवार, २२ डिसेंबर

आज सकाळी आठ वाजता आक्काबाईच्या गोणपाटावर जाऊन बसले. शास्त्रीय कारणासाठी. बादलीतल्या तुकड्यांची परीक्षा घेतली, तर म्हातारीच्या तक्रारीचीही घ्यायला हवी.

तिच्या अंगणात आठ वाजता माझ्या कुंपणाची सावली ओट्यापर्यंत पडलेली असते. अक्षरशः अंधारा कोनाडा. आपण इतकं काळं काही बांधलं आहे, हे माझ्या बाजूनं कळत नाही. माझ्या बाजूला तर ऊनच ऊन, शेवंतीला, कॉफीच्या खुर्चीला. इकडे दोन फळ्यांच्या भगदाडातून तेवढी उन्हाची एक पट्टी येते. आक्काबाई त्या पट्टीत हात ठेवून बसली होती, पाटावर ठेवावेत तसे. पट्टी सरकली की तीही सरकते. सूर्य दक्षिणेकडे जातो, मग पट्टी अडते, मग दक्षिणेकडची पुढची फळी निघते.

चोर डावरा नव्हता.

"जरा तिकडं हो," ती म्हणाली. "तुझी सावली पडली."

मी सरकले. बोटं उघडायला किती वेळ लागतो ते पाहायचं होतं, म्हणून बसून राहिले. आधी अंगठा, मग करंगळी, मधलं बोट सगळ्यांत हट्टी. ते सुटलं तशी ती एकदम उठली, पीठ मळलं, आणि थापलेली पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवली. पोळली. मी म्हटलं, आधी रंगनाथ.

"तो काय पळून चाललाय? खा. पुरावा समज."

दुपारी ओंकारला फोन लावला. "तुझ्या कंपोझिटमध्ये फळी काढता-घालता येते का? हिवाळ्यात काढायची, उन्हाळ्यात घालायची."

"आत्या, असं कुणी मागत नाही. आणि पॅनलला फट नसते, तोच तर त्याचा गुण आहे!"

"मग तो गुण कॅनडातच ठेव. हरणाला ऊन लागत नसेल."

तो रागावला. जेवायला ये म्हटलं, तर म्हणाला बघतो.

कृपया कुणी असं समजू नये, की मी माफ केलं आहे. फळ्या माझ्या होत्या. दुपारची झोप माझी होती. आणि मी घोरत नाही.

शनिवार, २७ डिसेंबर

रंगनाथनं कागदावर काढून दाखवलं. खाली दोन फूट आडव्या फळ्या पक्क्या, कोंबड्यांसाठी. त्यावर उभ्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, तर खाचेत. वर उचलायची आणि काढायची. दिवाळी झाली की काढायच्या, होळी झाली की घालायच्या. लाकडातच जमतं हे. सागाला वर्षाला तेल लागेल, ते मी पाजेन. एरवी तरी जानेवारीत मला काय उद्योग असतो?

"आन् कंची कंची फळी काडती ठेवायची?" त्यानं विचारलं.

"ते तुझ्या आईला विचार."

"तिला इच्यारलं. म्हनती, सगळ्याच."

या बाईला एक बोट दिलं तर. वाक्य पूर्ण करत नाही.

रविवार, ४ जानेवारी २०२६

आठवडा झाला. आक्काबाई फळ्या सांगत नाही. विचारलं की, "बघू, घाई काय हाय? ये की शेकाया." शेकायला गेलं की रताळी, हुरडा, कुणाच्या म्हशीचं काय झालं, आणि फळ्यांचा विषय राहूनच जातो. काल राजूरचे पेढे नेले होते, मुद्दाम, विषय काढण्यासाठी. पेढे संपले, विषय निघाला नाही. मला शंका आहे, की निर्णय झाला तर मी येणं थांबवीन, असं तिला वाटतं. कसल्या कसल्या समजुती असतात लोकांच्या.

तेव्हा आज रीतसर नोटीस लिहिली. शुद्ध प्रत तिला देणार, ही माझ्यासाठी नक्कल.

श्रीमती आक्काबाई यांस,

आपण दिनांक १ डिसेंबर २०२५ रोजी दुपारी (नक्की वेळ अर्जदार झोपेत असल्यानं उपलब्ध नाही) उलथणं या हत्यारानं माझ्या कुंपणाची पहिली फळी काढली आणि त्यानंतर वेळोवेळी इतर फळ्या काढून माझ्यासमक्ष जाळल्या. मीही त्यावर शेकले, हे आपण पुढे आणाल, म्हणून मीच आणते.

नवं कुंपण लाकडाचं होईल. कंपोझिटचा विचार सध्या तहकूब आहे, रद्द नाही, हे ध्यानात ठेवावं. कोणत्या फळ्या हिवाळ्यात काढायच्या, हे ठरवण्याचा अधिकार ऊन वापरणारीचा, म्हणून आपला. "सगळ्याच" हे उत्तर चालणार नाही. कोंबडा माझ्या खुर्चीवर चढतो. जळालेल्या फळ्यांच्या बदल्यात मला शेकोटीजवळची, जिथे धूर येत नाही ती, ओट्याला टेकायची जागा कायमची मिळावी. सध्या तिथे मांजर बसते. तिची व्यवस्था आपण करावी.

आपल्याला लिहिता येत नाही, ही सबब ऐकून घेतली जाणार नाही. शेकोटीतला कोळसा घ्यावा, आणि सकाळी बोटं सुटल्यावर, सध्याच्या कुंपणाच्या ज्या फळीनं आपलं ऊन अडतं तिच्यावर आपल्या हातानं फुली मारावी. तेच लेखी उत्तर समजलं जाईल. तोंडी उत्तर, रंगनाथमार्फत उत्तर, किंवा भाकरी पुढे करून दिलेलं उत्तर ग्राह्य नाही. ही नोटीस वाचून दाखवायला मला स्वतः यावं लागेल, आणि उत्तर येईपर्यंत रोज संध्याकाळी आठवण करून द्यायलाही. उत्तरानंतरही फुल्या बरोबर आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी यावं लागेलच.

बुधवार, १४ जानेवारी २०२६, संक्रांतीच्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत सर्व फुल्या कुंपणावर उमटलेल्या असाव्यात. वेळ माझ्या घड्याळाप्रमाणे धरली जाईल. त्याआधी मला लेखी उत्तर हवं आहे.